सत्तेचाळीस रोजे राहिलेत आणि रमजान महिन्यावर आलाय

पत्र

आपा, अस्सलामु अलैकुम. माझं वय २९. माहेर मिरजेचं, सासर रत्नागिरीकडचं आणि आम्ही नवरा-बायको नोकरीसाठी पुण्यात. मुलगा वीस महिन्यांचा आहे. २०२४ च्या रमजानमध्ये मला सातवा महिना होता. चार रोजे ठेवले, मग माझं हिमोग्लोबिन फार खाली गेलं म्हणून डॉक्टरांनी बंद करायला लावले. २०२५ ला बाळ अंगावर पीत होतं. दूध कमी पडायला लागलं, आठ रोजे झाले, बाकीचे सुटले. सुटलेल्याच्या बदल्यात नंतर ठेवायचा कजा रोजा एकही ठेवलेला नाही. सासूबाई म्हणतात, तुला गरिबाला धान्याचा फिदयासुद्धा द्यावा लागेल. अम्मी म्हणते, कजा ठेवलास की झालं. मी दोघींनाही 'हो' म्हणते आणि काहीच करत नाही.

सध्या मैत्रिणींच्या स्टेटसला रोज 'रमजानला इतके दिवस बाकी' असं येतं. त्यांना आनंद होतो, माझ्या पोटात गोळा येतो. लग्नाआधी मीही वाट बघायचे. अम्मीच्या घरी पहाटे सहरीच्या जेवणाला भांड्यांच्या आवाजानं जाग यायची. आता ती भांडी मलाच वाजवायची आहेत, वर मुलाचं आवरून नऊला ऑफिस गाठायचं. कुराण हातात घेऊन वर्ष झालं. जिला रमजान येतोय याचा आनंद होत नाही, ती कसली मुसलमान? हे मी कुणाकडे बोललेले नाही. नाव छापू नका.

उत्तर

वालैकुम अस्सलाम, बेटा.

पत्रात सगळं लिहिलंस, एक आकडा मात्र लिहिला नाहीस. तो मी काढला. २०२४ चा रमजान आपल्याकडे ३० दिवसांचा झाला, त्यातले चार ठेवलेस, राहिले २६. २०२५ चा २९ दिवसांचा, आठ ठेवलेस, राहिले २१. एकूण ४७. तू हा आकडा लिहिला नाहीस, कारण तो तू मोजलेलाच नाहीस. मला वाटतं, तुझ्या पोटातला गोळा तोच आहे. किती देणं आहे हे माहीत नसलं की माणूस सावकाराचं घर टाळून दुसऱ्या गल्लीनं जातो. तू दोन वर्षं त्या दुसऱ्या गल्लीनं जाते आहेस. त्यामुळे रमजान येताना दिसला की आधी देणं आठवतं, आनंद मागेच राहतो.

माझी अम्मी सोलापुरात बिड्या वळायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दिवसाला हजार बिड्या मोजून देणाऱ्या बाईला हिशेब कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला, दार उघडं असलं की दिसणार नाही अशा जागी, तिनं कोळशानं ओढलेल्या रेघा असायच्या. एक रोजा सुटला की एक रेघ. पाळीचे, आजारपणाचे, धाकट्याच्या वेळचे, सगळे तिथे. एक कजा फेडला की संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजनंतर ओल्या फडक्यानं एक रेघ पुसायची. शेवटी भिंतीवर रेघा उरायच्या नाहीत, पण पुसून पुसून हातभर जागा करडी झाली होती, ती चुना मारला तरी थोडी दिसायचीच. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येकाच्या घरी दारामागे अशी जागा असते.

तू कोळसा घेऊ नकोस, घरमालक ओरडेल. एक साधी वही घे. आज रात्रीच, मूल झोपलं की, दोन रकाने आख. एकात २०२४ चे २६, दुसऱ्यात २०२५ चे २१. दुसऱ्या रकान्यात पाळीचे दिवस आठवून वेगळे लिही, सहा असतील, सात असतील. ते वेगळे का, हे पुढे सांगते.

अम्मी आणि सासूबाई यांच्यात कुणाचं बरोबर, हा तुझा दुसरा गुंता. बेटा, दोघींचंही बरोबर आहे. मिरज-सोलापूरकडचे आपण बहुतेक हनफी. कोकणातले मुसलमान शाफई. दोन्ही मसलक, म्हणजे धर्माचे नियम समजून घ्यायच्या परंपरा, आपल्याच, दोन्हींच्या मागे हजार-बाराशे वर्षांचा अभ्यास आहे. हनफी मसलकात गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं रोजे सोडले तर तिच्यावर फक्त कजा, फिदया नाही. शाफई मसलकात थोडं बारीक बघतात. बाईनं स्वतःच्या तब्येतीच्या भीतीनं रोजा सोडला असेल तर फक्त कजा. केवळ बाळाच्या काळजीनं सोडला असेल तर कजा आणि शिवाय दर रोज्यामागे फिदया, म्हणजे एका गरिबाला एक मुद्द धान्य, साधारण सहाशे ते साडेसातशे ग्रॅम. सासूबाई मनानं काही सांगत नाहीत, लहानपणापासून जे शिकल्या तेच सांगताहेत.

लग्नानं बाईचा मसलक बदलत नाही. तू हनफी असशील तर तुझ्यावर ४७ कजा आहेत, बस्स. पण शाफई हिशेबानंही बघू. २०२४ चे २६ तुझ्याच हिमोग्लोबिनपायी सुटले, त्यांवर फिदया येत नाही. २०२५ च्या २१ मधून पाळीचे सहा काढ, त्यांवरही नाही. उरले पंधरा. पंधरा रोज्यांचं धान्य म्हणजे दहा-अकरा किलो तांदूळ. ज्या वादापायी तू दोन वर्षं गप्प बसलीस, तो एवढाच आहे. मी तुझ्या जागी असते तर तांदूळ गरजू घरी पोचवले असते आणि सासूबाईंना फोन करून सांगितलं असतं. तुझ्यावर वाजिब, म्हणजे बंधनकारक, नसेल तर ते सदका, म्हणजे दान म्हणून लिहिले जातील, वाया काही जाणार नाही. मनाला तरीही शंका राहिली तर एखाद्या जाणकार मौलवींना विचार, पण विचारताना हा हिशेब समोर ठेव. 'माझे बरेच रोजे राहिलेत' एवढंच म्हणालीस तर त्यांनाही नीट उत्तर देता येणार नाही.

आता फेडायचं कसं ते बघू. यंदा, २०२६ ला, रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लागेल, म्हणजे त्याच्या आधीच्या शाबान महिन्याचा चांद दिसायला अगदी थोडे दिवस उरलेत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांची एक हदीस तू ऐकली असशील. त्या म्हणतात, माझ्यावर रमजानचे रोजे राहिलेले असायचे आणि ते मला शाबानमध्येच ठेवता यायचे. बुखारी आणि मुस्लिम, हदीसच्या या दोन्ही संग्रहांत आहे. मला ही हदीस फार जवळची वाटते. पैगंबरांच्या घरातल्या बाईचेही रोजे मागे राहात होते, ती ते अकरा महिन्यांनी फेडत होती, आणि ही गोष्ट तिनं लपवली नाही, पुढच्यांना सांगितली. तूही सांग. निदान नवऱ्याला तरी सांग.

हे दिवसही तुझ्या बाजूचे आहेत. पुण्यात आत्ता सहरी पावणेसहाच्या पुढेपर्यंत चालते आणि मगरिब सव्वासहा-साडेसहाला. साडेबारा तासांचा रोजा, तोही थंडीतला. मी पहिला रोजा ठेवला तो १९८६ चा मे महिना होता, सोलापूरचा मे. चौदा तासांच्या वर रोजा. अब्बांनी भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलच्या कॅरियरला बांधून आणली होती. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर मी त्या ओल्या गोणपाटावर गाल टेकून बसले होते, आणि थेंब ओठांवर येऊ नये म्हणून तोंड गच्च मिटून घेतलं होतं. आपला महिना चांदावर चालतो, दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, आणि बत्तीस-तेहेतीस वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. २०१८ ला रमजान पुन्हा मे महिन्यात आला तेव्हा माझी मुलगी कॉलेजात होती. आता तो सरकत सरकत हिवाळ्याकडे चाललाय. तुझ्या मुलाला पहिला रोजा ठेवायची हौस येईल तेव्हा दिवस लहान असतील.

तर सुरुवात अशी कर. २६ जानेवारी यंदा सोमवारी आहे, सुट्टी आहे. पहिला कजा त्या दिवशी ठेव. ऑफिस नाही, नवरा घरी, मूल त्याच्याकडे. मग शाबानभर सोमवार आणि गुरुवार. पाळीचे दिवस सोडून पाच-सहा होतील, पाळी मध्ये आली नाही तर सात. सात झाले तर चाळीस उरले. ईदनंतर महिन्याला चार धरलेस तर दहा महिन्यांत फिटतात, पुढच्या रमजानच्या आधी. कुणी म्हणेल, पंधरा शाबाननंतर रोजे ठेवू नयेत. ते नफिल, म्हणजे ऐच्छिक रोज्यांबद्दल आहे, सासरी ते जास्त कसोशीनं पाळतात. कजा ठेवायला अडचण नाही. फक्त कजाची नियत, म्हणजे मनातला संकल्प, रात्रीच, पहाटेच्या फजरच्या आधी करायची, हे दोन्ही मसलकांत आहे. सकाळी अकराला 'आज काही खाल्लं नाहीये, चला कजा धरू' असं चालत नाही.

आणि तब्येतीचं काय? मूल अजून रात्री अंगावर पीत असेल तर आधी रक्त तपासून घे, डॉक्टरांना विचार. वीस महिन्यांचं बाळ वरणभात खातं, तेव्हा आणि आत्ता यांत फरक आहे. पण हिमोग्लोबिन पुन्हा खाली असेल तर हट्ट करू नकोस. रोज्यांचा हुकूम कुराणातल्या ज्या सूरतुल बकरामध्ये आलाय, तिथेच आजाऱ्याला आणि प्रवाशाला दुसऱ्या दिवसांची सवलत दिली आहे, आणि लगेच म्हटलंय की अल्लाह तुमच्यासाठी सोपेपणा इच्छितो, अवघडपणा इच्छित नाही. ती सवलत घेताना मान खाली घालायचं काही कारण नाही. सवलत देणारा आणि हुकूम देणारा एकच आहे.

आता तुझ्या त्या भांड्यांकडे येते, कारण तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त तेच लागलं. तुला माहेरच्या सहरीचा आवाज आठवतो. तो आवाज करणारी बाई किती वाजता उठत होती, हे मात्र तुला आत्ता पहिल्यांदा कळतंय. माझ्या अम्मीचंही मला लग्नानंतरच कळलं. आम्हाला गरम गरम भाकरी मिळायची आणि तिचे शेवटचे दोन घास पाण्याबरोबर उतरायचे, तोवर अजान व्हायची. संध्याकाळी तेच. इफ्तारच्या आधीची घडी दुआ कबूल होण्याची, आणि त्याच घडीला घरोघर बायका कढईसमोर उभ्या. एकीकडे भजी, एकीकडे समोसे, तिसरीकडे सरबताचं पातेलं. पुरुष आणि मुलं दस्तरखानाशी हात उचलून बसलेली. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. पैगंबर घरात असताना घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की उठून जायचे, हेही हजरत आयशांनीच सांगितलंय. ही हदीस तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव आणि सहरीचं काम वाटून घ्या. एकानं मूल सांभाळायचं, एकानं चूल. दुसऱ्या दिवशी उलट.

शाबानच्या शनिवार-रविवारात जे करून ठेवता येतं ते करून ठेव. आलं-लसणाचं वाटण, तळलेला कांदा, खिम्याचे समोसे भरून डब्यात. हरभरे आणि छोले भिजवून, उकडून, लहान लहान पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये टाकलेस तर ऑफिसातून आल्यावर दहा मिनिटांत चाट होते. रोज तळण नको. खजूर, फळं, चाट, पाणी. नमाज झाली की नेहमीचं जेवण. आठवड्यात एक दिवस समोसे कर, मग बघ त्यांना चव किती येते. सहरीला ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाणारी आमची पिढी, दुपारपर्यंत भुकेचं नाव नसायचं. तुला पहाटे भाकरी थापणं जमणार नाही, रात्रीची चालते. वर एक अंडं, एक केळं, दही. लोणचं-पापड टाळ, तहान त्यानंच लागते.

चहा किती पितेस? ऑफिसात बसणारी आहेस म्हणून विचारते. पहिल्या तीन रोज्यांना दुपारी जे डोकं धरतं, ते पुष्कळदा भुकेनं नसतं, चहा तुटल्यानं असतं. आजपासून दर आठवड्याला एक कप कमी कर. रमजानपर्यंत सकाळचा एकच राहू दे, मग तोच इफ्तारनंतर.

ऑफिसात आधीच सांगून ठेव. साहेबांना एवढंच विचार, की महिनाभर लवकर येऊन लवकर निघता येईल का. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर पर्समध्ये खजुराची डबी आणि पाण्याची बाटली हवीच. मगरिब रस्त्यात झाली तर बसमध्येही रोजा सोडता येतो. 'पाणीसुद्धा नाही?' हे तुला यंदाही कुणीतरी विचारेल. मी तीस वर्षं नोकरीत हा प्रश्न ऐकला आणि दर वर्षी तितक्याच मनापासून उत्तर दिलं, कारण विचारणाऱ्याला खरंच काळजी वाटत असते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई तर रमजानभर डबा घेऊन दुसऱ्या खोलीत जायच्या. नका जाऊ म्हटलं तरी जायच्या.

कुराण वर्षभर हातात घेतलं नाहीस, म्हणून आता महिन्यात पूर्ण खत्म करायचा निश्चय करू नकोस. चौथ्या दिवशी मागे पडशील आणि मग पुन्हा ती दुसरी गल्ली. शाबानमध्ये रोज एक पान वाच. फजरनंतर, मूल उठायच्या आधी. जीभ अडखळेल, अडखळू दे. त्याच पानाचा मराठी अनुवादही वाच. आपण अरबी पढतो, उर्दूत ऐकतो, पण रडतो-हसतो त्या भाषेत अर्थ समोर आला की वेगळंच होतं. मला सूरह दुहा तोंडपाठ होती, पण 'तुझ्या रबनं तुला सोडलेलं नाही आणि तो नाराजही नाही' हे मी पहिल्यांदा मराठीत वाचलं तेव्हा चाळिशीत होते. स्टँडवर एसटीची वाट बघत होते, आणि बस लागली तरी उठले नाही.

त्याच सूरहचा आधार घेऊन तुझ्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देते. जिला आनंद होत नाही ती कसली मुसलमान, असं विचारलंस. बेटा, ज्या बाईला रमजानचं काहीच नाही, तिच्या पोटात गोळा येत नाही. ती स्टेटस बघते आणि पुढे सरकवते. तुला रमजान हवा आहे, तो तुझ्या हातून नीट व्हावा असं वाटतंय, आणि तो होणार नाही अशी धास्ती आहे. शिवाय लग्नाआधी तू ज्याची वाट बघायचीस तो तुझ्या अम्मीनं मांडलेला रमजान होता. स्वतः मांडायचा हा तुझा पहिलाच, कारण मागचे दोन पोट आणि पाळणा यांत गेले. पहिल्यांदा मांडताना भीती वाटतेच. माझ्या सासरच्या पहिल्या रमजानात मी सतरा दिवस रोज मोरीत जाऊन रडले होते. अठराव्या दिवशी काय झालं माहीत नाही, पण संध्याकाळी मी फळं चिरत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतेय.

सहरीला तुझ्या घरात आवाज होऊ दे. मुलाची झोप मोडेल म्हणून भांडी दबकत ठेवू नकोस. मोडली तर मोडली, कडेवर घे आणि त्याच्या हातात एक खजूर दे, बी काढून.

मिरजेहून अम्मीला शाबानमध्ये चार दिवस बोलावता येईल का बघ. काम करायला नको, तिच्याबरोबर एक कजा ठेवायला. तुझ्या जन्माच्या वेळचे तिचे किती राहिले होते आणि कसे फेडले, हे तिला विचार. ईदला रत्नागिरीला जाणार असशील, तर सासूबाईंकडून सांदण शिकून घे. नारळाच्या दुधातली ती मऊ सांदणं मी एकदाच, एका कोकणी मैत्रिणीच्या घरी ईदला खाल्ली आहेत. ती सोलापुरात कुणाला येत नाहीत.

२९ शाबानला ऑफिसातून लवकर निघ. मगरिबची अजान झाली की मुलाला घेऊन गच्चीवर जा आणि पश्चिमेकडे बघ, सूर्य बुडाला तिथून थोडं वर. रमजानचा चांद फार बारीक असतो आणि पटकन मावळतो. ढग असले, इमारत आड आली, नाही दिसला, तर मशिदीतून कळेलच. दिसला तर मुलाला बोट करून दाखव, तो भलतीकडेच बघेल. मग खाली ये आणि सासूबाईंना चांदमुबारकचा फोन कर. त्या तुला आठवण करतील की रोज रात्री नियत करायची, एकही दिवस चुकवायची नाही. शाफईंकडे ते तसंच आहे. हनफींकडे रमजानच्या रोज्याला उशिरापर्यंत सवड असते, पण त्या रात्री तू त्यांचं ऐक. वही काढ, किती पुसले ते बघ, आणि झोपण्याआधी नियत कर.

तुझी,
आपा